जपानचं खाणं आणि तब्येत: तीन महिने राहून आल्यावर सगळे जे विचारतायत त्याची एकदाच उत्तरं

एप्रिलच्या सुरुवातीला गेलो, जूनच्या शेवटी परत आलो आणि तेव्हापासून भिशीत, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत एकच विषय चाललाय, की जपानी लोक इतके बारीक कसे आणि इतकं जगतात कसे. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली म्हणून आता लिहूनच काढते, ज्याला हवं त्याने वाचावं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, डाएटिशियन तर नाहीच नाही, तीस वर्षं हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला त्यामुळे कुठेही गेलं की लोक काय पिकवतात, काय खातात आणि कशाने आजारी पडतात हे बघायची खोड आहे एवढंच. लेक-जावई टोकियोत निशी-कासाईला राहतात, तिथे आपली बरीच माणसं आहेत. माहेर रत्नागिरीचं म्हणून मला मासे म्हणजे जीव की प्राण, आणि आमचे हे सांगलीचे, पक्के शाकाहारी, बारा वर्षं बीपीची गोळी चालू आणि शुगर काठावर. त्यामुळे दोन्ही बाजूंनी अनुभव घेतलाय असं समजा.

नक्की खातात काय? काहीतरी वेगळं असणारच ना?

वेगळं म्हणजे जादूचं काही नाही हो. घराजवळच्या स्टेशनसमोर एक छोटं जेवणाचं दुकान होतं, तिथे तेइशोकु मिळायचं. तेइशोकु म्हणजे आपली राईस प्लेटच, ठरलेल्या पदार्थांचा ट्रे. एका दुपारी माझ्या शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी येऊन बसल्या. त्यांच्या ट्रेमध्ये एक वाटी भात (मोजून वाटीच, आपला डोंगर नाही), मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), भाजलेल्या बांगड्याची अर्धी फाक (त्याला साबा म्हणतात, आपल्या बांगड्याचाच भाऊबंद), बाजूला किसलेला मुळा, तिळाचं कूट लावलेला पालक आणि लोणच्याचे तीन तुकडे. हे इतकंच. आजींनी चॉपस्टिकने काटा असा सोलून काढला की मांजरासाठीसुद्धा काही उरलं नाही. मी मासेखाऊ, मला वाटायचं काटे काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही, पण गप्प बघत बसले. माझं दहा मिनिटांत आटोपलं, त्यांना अर्धा तास लागला.

मला जे जाणवलं ते असं, की पदार्थ पाच-सहा पण प्रत्येक चिमूटभर, तळलेलं रोज नाही, आणि मुख्य म्हणजे आग्रह करायला कोणी नाही. "अजून एक पोळी वाढू का, एवढीशीच आहे" असं म्हणून ताटात टाकणारी सासू, नणंद, मावशी कोणी उभी नाही. आपल्याकडे अर्धं वजन भुकेनं नाही, आग्रहानं वाढतं असं माझं मत आहे, कोणाला राग आला तर येऊ दे. त्यांच्यात एक म्हण आहे, हारा हाचि बु, म्हणजे पोट दहातलं आठ भरलं की थांबायचं. आपल्याकडेही दोन घास कमी खा सांगतात की, पण ते सांगतात श्रीखंड वाढता वाढता.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 30 च्या वर असलेली माणसं तिथे शंभरात चार-पाचच आहेत, त्यामुळे रस्त्यावर खरंच फरक दिसतो, डोळ्यांचा भास नाही तो.

ग्रीन टीमुळे बारीक असतात का?

ग्रीन टीमुळे नाही, त्यात साखर नसल्यामुळे म्हणा. तिथे दर पन्नास पावलांवर ड्रिंक्सची मशिन उभी असतात, त्यात कोला आहेच, पण निम्म्या बाटल्या तरी बिनसाखरेच्या चहाच्या, मुगिचा म्हणजे भाजलेल्या सातूचा चहा, उलाँग, असलं. लहान पोरंसुद्धा तहान लागली की थंडगार मुगिचा पितात. आपण दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखर घालून चहा घेतो आणि मग पाचवा कप ग्रीन टीचा घेऊन वजन उतरायची वाट बघतो, तसं नाही होत.

सकाळी उठल्या उठल्या चार ग्लास पाणी, ती जपानी वॉटर थेरपी, खरी का?

हे मला सगळ्यात जास्त जणांनी विचारलं. मी लेकीच्या शेजारणीला, तिच्या सासूला, नातीच्या शाळेतल्या आयांना, जी भेटेल तिला विचारलं (लेकीला मध्ये घालून). एकीलाही माहीत नव्हतं. एक तर म्हणाली, ही इंडियन थेरपी आहे का, छान वाटतेय! आणि जेवताना गार पाणी पिऊ नये असं जपानी मानतात हेही फॉरवर्डमध्येच असतं, कारण तिथे हॉटेलात बसल्या बसल्या पहिल्यांदा समोर येतो तो बर्फाच्या पाण्याचा ग्लास, डिसेंबरात गेलात तरी.

जपानमध्ये जाड असणं बेकायदेशीर आहे म्हणे, कंबर मोजून दंड करतात?

अर्धवट ऐकलेलं आहे हे. एप्रिल 2008 पासून 40 ते 74 वयाच्या लोकांची दरवर्षी तपासणी असते, त्यात खरोखर टेप लावून कंबर मोजतात, पुरुषांना 85 सेंटीमीटर आणि बायकांना 90 ची रेषा आहे. त्याच्या वर गेलं आणि सोबत बीपी, शुगर, चरबी यातलंही काही जास्त निघालं की समुपदेशन होतं, काय खा, किती चाला, मग पुन्हा फोन. माणसाला दंडबिंड काही नाही. ज्या विमा संस्थांकडे ही तपासणीची जबाबदारी आहे त्यांनी काम नीट केलं नाही तर त्यांच्या खिशाला चाट बसते, आणि त्याचं आपल्याकडे येईपर्यंत "जाड माणसाला दंड" झालं. मेताबो, म्हणजे पोट सुटून सोबत बीपी-शुगर वाढणं, हा शब्द मात्र घराघरात पोचलाय, पोट सुटलेल्या नवऱ्याला बायका चिडवून मेताबो म्हणतात. जावयांनी सांगितलं, तपासणीच्या आधीचा महिना ऑफिसात सगळे एकदम जिने चढायला लागतात. हे ऐकून आमच्या ह्यांनी गुपचूप स्वतःची कंबर मोजली, आकडा सांगणार नाही. भारतीय पुरुषांसाठी रेषा 90 ची धरतात आणि बायकांसाठी 80 ची, म्हणजे मला तिथे सूट होती आणि ह्यांना नव्हती, तीन महिने मी त्याचा आनंद घेतला.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

होतात. खोटं कशाला बोलू. भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी असेलच असं नाही, कारण जवळजवळ सगळ्याच्या बुडाशी दाशी असतं. दाशी म्हणजे सूपाचा मूळ रस्सा म्हणा, कात्सुओबुशी नावाच्या सुकवलेल्या माशाचा पातळ भुगा आणि कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ उकळून करतात. कोकणातल्या माणसाला चटकन कळेल, आपण सुकट घालून जशी चव आणतो त्याचाच थोरला भाऊ, फक्त हा मासा धुरी देऊन लाकडासारखा कडक केलेला असतो, रंध्यावर घासून त्याचे पापुद्रे काढतात. मला तर पहिल्याच दिवशी तो वास आल्यावर माहेरचं माजघर आठवलं. ह्यांना मात्र दुसऱ्याच दिवशी सोबा नूडल्सच्या वाटीत शंका आली, लेकीला फोन लावला, तिने वेट्रेसशी बोलून सांगितलं की बाबा, खाऊ नका. त्या मुलीने तीनदा वाकून माफी मागितली, चूक तिची काहीच नव्हती, आम्हीच विचारलं नव्हतं. मग ह्यांनी एक वाक्य पाठ केलं, "निकु तो साकाना वा ताबेमासेन", म्हणजे मांस आणि मासे खात नाही, आणि पुढे "दाशी मो दामे देस", म्हणजे दाशीसुद्धा नको. हे दुसरं महत्त्वाचं, नाहीतर फक्त मांस नको सांगितलं तर तुकडे काढून तेच सूप देतात, त्यांच्या दृष्टीने झालं शाकाहारी.

जपानी करीची वडी मिळते तीसुद्धा बघून घ्या, बऱ्याच कंपन्यांच्या वडीत प्राण्यांची चरबी असते.

पण ह्यांचं सगळ्यात सुंदर जेवण जपानमध्येच झालं, कोयासानला. वाकायामामधला डोंगर आहे, कूकाई म्हणजे कोबो दाइशी यांनी बाराशे वर्षांपूर्वी तिथे बौद्ध मठ वसवला, आता तिथल्या मठांत पाहुण्यांना राहता येतं आणि शोजिन र्योरी मिळतं, भिक्षूंचं जेवण. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबू आणि शिताके मशरूमचं. तिळाचा गोमा-दोफु (दोफु म्हणजे टोफू) आणि तिथला सुकवलेला कोया-दोफु, हे खाऊन आमचे हे म्हणाले की हे चातुर्मासातल्या जेवणासारखं आहे. मी म्हटलं चातुर्मासात आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले पापड असतात, कुठल्या चातुर्मासाचं बोलताय?

मिसो सूप, लोणची, सोया सॉस, हे तर सगळं खारट. मग बीपी कसं नाही?

बीपी नाही असं कोणी सांगितलं! भरपूर आहे. सरासरी मीठ माणशी दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास जातं, जागतिक आरोग्य संघटना 5 च्या आत ठेवा म्हणते. एका मिसो सूपच्या वाटीत सव्वा-दीड ग्रॅम, रामेन नूडल्सचं सूप तळापर्यंत प्यायलात तर एका भांड्यात दिवसाचा कोटा संपला. उमेबोशी नावाची खारवलेली आंबट फळं असतात, पूर्वापार पद्धतीत फळाच्या वजनाच्या पाचवा हिस्सा मीठ घालतात, आमच्याकडच्या मिठातल्या कैऱ्यांना लाजवतील. ह्यांनी पहिल्या आठवड्यात कौतुकाने रोज एक खाल्ली आणि मशिनवर वरचा आकडा 158 दिसला. मग बंद.

पण याचीच एक गोष्ट आहे ती नीट सांगते, कारण मला सगळ्या प्रवासात तीच सगळ्यात जास्त आवडली. नागानो म्हणून डोंगराळ जिल्हा आहे (ते प्रीफेक्चर म्हणतात, आपल्या राज्य आणि जिल्ह्याच्या मधलं काहीतरी), समुद्र नाही, हिवाळा कडक, त्यामुळे पूर्वी सगळा हिवाळा मिठात घातलेल्या भाज्यांवर काढायचे. नोझावाना नावाचा मुळ्याच्या पाल्यासारखा पाला पिंपात खारवतात, भाताबरोबर तो, चहाबरोबरही तो. परिणाम, पक्षाघाताने पटापट माणसं जायची. तिथे साकु गावच्या हॉस्पिटलात 1945 मध्ये वाकात्सुकी तोशिकाझु नावाचे सर्जन आले. ते हॉस्पिटलात बसून राहिले नाहीत, डॉक्टर-नर्स घेऊन गावोगाव जायचे, आधी तपासणी आणि मग चक्क नाटक करायचे, शेतकऱ्यांना हसवत हसवत आजार समजावून सांगायचे. 1959 पासून शेजारच्या याचिहो गावात अख्ख्या गावाची दरवर्षी तपासणी सुरू झाली. 1976 मध्ये त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालं. हे वाचलं तेव्हा मला एकदम आपलं जामखेड आठवलं, तिथलं डॉक्टर जोडपं रजनीकांत आणि मेबल आरोळे, त्यांना तेच मॅगसेसे 1979 मध्ये, आणि कामही किती सारखं, गावातल्याच बायकांना शिकवून उभं करायचं.

कारण नागानोतलं पुढचं काम बायकांनीच केलं. खेड्यापाड्यातल्या साध्या गृहिणी, बिनपगारी, घरोघर जाऊन मिसो सूपात मिठाचं मीटर बुडवायच्या आणि आकडा सांगायच्या. विचार करा, आपल्या गल्लीत कोणी वाटी घेऊन आलं आणि म्हणालं वहिनी, तुमच्या आमटीत मीठ मोजू द्या, तर काय होईल! तिथेही काही दारं आपटली असतील. पण सांगणं शहाणपणाचं होतं, सूप सोडा असं नाही, तर त्यात भाज्या भरपूर घाला म्हणजे वाटीत पाणी कमी मावेल आणि मीठ आपोआप कमी जाईल. आणि 2010 च्या आकड्यांत नागानो पुरुष आणि बायका दोघांतही अख्ख्या जपानमध्ये सगळ्यात जास्त आयुष्याचं ठरलं. नोझावाना अजून टेबलावर येतंच, पण बशी बघाल तर बाहुलीच्या भातुकलीतली.

त्यानंतर मी घरी आमटीत फोडी जास्त आणि रस कमी करते, ह्यांना अजून पत्ता नाही, हे वाचलं तर कळेल.

ओकिनावाला गेलात का? तिथे म्हणे सगळे शंभर वर्षं जगतात?

गेलो, मे महिन्यात चार दिवस, जपानच्या दक्षिणेकडचं बेट आहे ते. आणि हेच ऐकून गेलो होतो. उत्तरेला ओगिमी म्हणून गाव आहे, दीर्घायुषी गाव म्हणून प्रसिद्ध, शांत, संत्र्यासारखी छोटी आंबट फळं लागलेली झाडं, परसात भाजी. तिथल्या एका खाणावळीत कारलं आलं ताटात! गोया म्हणतात त्याला, आणि गोया चांपुरु हा तिथला घरोघरचा पदार्थ, कारलं, घट्ट टोफू, अंडं आणि बहुतेक वेळा डुकराचं मांस, सगळं परतून. मीठ चोळून पिळणं अगदी आपल्यासारखं, बिया काढणं तसंच. मी खाणावळवाल्या बाईंना हातवारे करून विचारलं गूळ? त्या हसल्या, गूळ तिथे होतो, काळा, उसाचा, पण कारल्यात घालत नाहीत. अर्धी ओळख पटली आमची. 8 मे हा त्यांचा कारल्याचा दिवस, कारण 5 म्हणजे गो आणि 8 म्हणजे या, पाचव्या महिन्याची आठवी तारीख.

पूर्वी तिथली माणसं निम्म्याहून जास्त कॅलरीज रताळ्यातून घ्यायची, भात थोडा, डुक्कर सणासुदीला, भाज्या, टोफू, शेवाळ. हातावरचं पोट, शेतात राबणं. असे जे लोक त्या काळात मोठे झाले ते शंभरी गाठतायत. पण नाहा शहरात या, वेगळंच चित्र. 1945 ते 1972 हे बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं, तळ अजून आहेत. ए अँड डब्ल्यूचं हॅम्बर्गरचं दुकान तिथे 1963 मध्येच आलं, उरलेल्या जपानच्या कितीतरी आधी. डब्यातलं मांस घालून ओनिगिरी म्हणजे भाताचे मुटके, टाको राईस म्हणजे भातावर मेक्सिकन खिमा आणि चीज, आणि रात्री दारू पिऊन झाल्यावर घरी जाताना शेवट म्हणून स्टेक खायची पद्धत. रेल्वे नाही, 2003 मध्ये आलेली एक मोनोरेल आहे नाहाभोवती, बाकी सगळे गाडीने, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी गाडी.

मग झालं काय, 1995 मध्ये ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात देशात चौथे होते, 2000 मध्ये एकदम 26 वर घसरले. तिथे त्याला "26 चा धक्का" असंच नाव पडलंय. आणि 2020 च्या आकड्यांत 43 वे, 47 जिल्ह्यांत. बायकाही 16 वर. म्हणजे आजी शंभरीच्या आणि नातवाला पस्तिशीत शुगर, एकाच घरात. तेच रक्त, तेच बेट, तोच समुद्र. मला कोणी म्हणालं की जपान्यांचं रक्तच वेगळं हो, तर मी ओकिनावा आणि नागानो शेजारी शेजारी ठेवते, एक चढलं आणि एक उतरलं, ताट बदललं तसं. आणि हे ऐकताना मला आमच्या गावातली नवी पिढी दिसते, आजोबा भाकरी खाऊन नव्वदीला, नातू बाईकवर जिमला.

पांढरा भात खाऊन शुगर कशी होत नाही?

होते की. डायबेटिस तिथेही आहे आणि बारीक दिसणाऱ्यांना सुद्धा होतो, आपल्यासारखाच. फक्त वाटी दीडशे ग्रॅमची आणि बाजूला भाजी-मासा असतो त्यामुळे निभतं. पण पांढऱ्या भाताने जपानला एकदा चांगलं रडवलंय. पूर्वी एदो शहरात म्हणजे आजच्या टोकियोत श्रीमंत लोक पॉलिशचा तांदूळ खायचे आणि त्यांचे पाय सुजायचे, बधिर व्हायचे, हृदय थांबून माणूस जायचा. खेड्यात परतला की बरा. त्याला एदोचा आजारच म्हणायचे. ते बेरीबेरी होतं, कोंड्यातलं बी-वन जीवनसत्त्व गेल्यामुळे. 1882 मध्ये रियुजो नावाचं नौदलाचं प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीवर गेलं, त्यात 169 जणांना बेरीबेरी झाला आणि 25 गेले. ताकाकी कानेहिरो नावाचे नौदलाचे डॉक्टर होते, त्यांनी हट्टाने 1884 मध्ये दुसरं जहाज, त्सुकुबा, त्याच मार्गाने पाठवलं आणि खाणं बदललं, मांस, दूध, पाव, नंतर सातू. एकही मेला नाही. लष्कराच्या डॉक्टरांनी मात्र हे मानलंच नाही, ते म्हणाले जंतूमुळे होतं, आणि 1904-05 च्या रशियाबरोबरच्या युद्धात हजारो सैनिक बेरीबेरीने गेले. शेवटी सुझुकी उमेतारो यांनी 1910 मध्ये कोंड्यातून तो घटक वेगळा काढला. नौदलात अजून दर शुक्रवारी करी-भात असतो. आणि कोंड्यात मुरवलेल्या भाज्यांचं लोणचं, नुकाझुके, त्यात कोंड्यातलं तेच बी-वन भाजीत उतरतं, म्हणजे एका हाताने सोललं आणि दुसऱ्या हाताने परत घेतलं.

मुलांच्या शाळेत जेवण देतात ते कसं असतं?

अहो, हे बघून मी शिक्षिका म्हणून गारच झाले. नात दुसरीत आहे, पालकांना बघायला बोलावलं होतं. साडेबाराला घंटा झाली, पाच-सहा पोरांनी पांढरे एप्रन, टोप्या, मास्क चढवले आणि स्वैपाकघरातून पातेली ढकलत वर्गात आणली. पोरंच वाढतात, बाकीची रांगेत ट्रे घेऊन. त्या दिवशी भात, मासा, भोपळ्याची भाजी, सूप आणि दूध. बाई मुलांबरोबर तेच जेवतात, आणि मुलांच्या आधी मुख्याध्यापक चव घेऊन बघतात, म्हणजे काही गडबड असेल तर आधी सरांना कळेल, मला हे फारच आवडलं. एक मुलगा भोपळा बघून तोंड वाकडं करत होता, बाईंनी ओरडलं नाही, फक्त म्हणाल्या एक घास, नंतर बघू. त्याने एक खाल्ला. दुसरा नाही खाल्ला. ठीक आहे म्हणाल्या. शेवटी दुधाचे पुठ्ठ्याचे डबे पोरांनी धुऊन, उलगडून सुकत घातले.

1954 पासून त्याचा कायदा आहे आणि 2005 मध्ये शोकुइकु म्हणजे खाण्याच्या शिक्षणाचा वेगळा कायदा झाला. आपल्याकडेही पोषण आहार आहे, मी खिचडीची वर्षानुवर्षं चव घेतलीय, वाईट नसते, पण आपल्याकडे ती गरीब पोरांची म्हणून बघतात आणि ऐपतवाल्यांची पोरं डबा आणतात. तिथे डॉक्टरचा मुलगा आणि ड्रायव्हरचा मुलगा एकच भोपळा खातात. आपल्यातली शाकाहारी घरं मात्र मुलांना घरून डबा देतात, आमच्या लेकीला मासा चालतो म्हणून प्रश्न आला नाही, ह्यांना ते अजून पचलेलं नाही.

व्यायाम करतात का सगळे?

जिम वगैरे कमी दिसली. चालतात. स्टेशनपर्यंत चालायचं, जिने चढायचे, गाडी बदलायला आत एक किलोमीटर चालायचं, परत जिने. मी घरी गुडघ्याचं रडगाणं गात चार हजार पावलं चालते, तिथे कळायच्या आत नऊ-दहा हजार. पहिले पंधरा दिवस रात्री तेल लावून बसायचे. आणि सकाळी साडेसहाला बागेत रेडिओ तैसो, 1928 पासून रेडिओवर पियानो वाजतो आणि म्हातारी माणसं हात-पाय हलवतात, तीन मिनिटांचं प्रकरण. आम्हीही जायला लागलो, ह्यांचं उजवं-डावं शेवटपर्यंत जमलं नाही.

म्हणजे सगळं छानच आहे तर?

अजिबात नाही. विशीतल्या दर पाच मुलींपैकी एक तब्येतीला बरं नाही इतकी हडकुळी, बीएमआय साडेअठराच्या खाली. पुरुषांत चारातला एक सिगारेट ओढतो. पोटाचा कॅन्सर खूप, त्यामागे पोटातला एक जंतू आणि भरीला मीठ. रात्री अकराच्या लोकलमध्ये सुटातली माणसं उभ्या उभ्या झोपलेली असतात, ते बघून असं वाटत नाही की हे आरोग्याचं माहेरघर आहे. एकटी म्हातारी माणसं दुकानातून एका माणसाचा तयार डबा घेऊन जाताना रोज दिसायची. आणि नव्या वर्षाला मोची नावाचा चिकट भाताचा गोळा घशात अडकून दरवर्षी म्हातारी माणसं जातात, फायर ब्रिगेड आधी इशारा देते की लहान तुकडे करा, तरी.

फळं प्रचंड महाग, हेही आलंच. आंब्याच्या सीझनमध्ये मी आंब्याशिवाय राहिले, ह्यापुढे बोलत नाही.

औषधं, डॉक्टर, सामान याचं काय?

हे नीट वाचा. रोजच्या गोळ्या एक महिन्यापुरत्या नेता येतात, जास्त न्यायच्या तर आधी अर्ज करून युन्यु काकुनिन-शो नावाचं पत्र घ्यावं लागतं, आम्ही तीन महिने जाणार होतो म्हणून लेकीने ऑनलाईन केलं. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. आपल्याकडे सर्दीला सहज घेतो त्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याबाबत तिथे फार कडक आहेत, ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर बंदीच, म्हणून घटक वाचून घ्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मटण-चिकनचं काही नेऊ नका. तिथे राहणाऱ्यांना उपचाराच्या बिलातले साधारण तीस टक्के भरावे लागतात, बाकी विमा. आपण पाहुणे, आपल्याला पूर्ण, त्यामुळे प्रवास विमा घ्याच.

रक्त पातळ करायची वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर नात्तो (आंबवलेले सोयाबीन) खायचा नाही, अजिबात नाही, त्यातलं व्हिटॅमिन के त्या गोळीचं काम हाणून पाडतं. थायरॉईडवाल्यांनी कोंबू शेवाळ रोज ओरपू नये, आयोडिन भयंकर असतं. पाकिटामागे मीठ किती ग्रॅम ते छापलेलं असतं, ह्यांनी अख्ख्या जपानी लिपीतलं तेवढं मिठाचं एक अक्षर ओळखायला शिकून घेतलं आणि दुकानात प्रत्येक पाकीट उलटं करून बघत बसायचे.

नात्तो कसा लागतो?

आंबवलेले सोयाबीन, चिकट, तार सुटते. वास मोज्यांचा. मी तीनदा खाल्ला, तिसऱ्यांदा आवडला. पुढचा प्रश्न.

शेवटी काय, शंभर वर्षं जगायचं का?

सप्टेंबर 2024 मध्ये तिथे शंभरी ओलांडलेले 95,119 लोक होते, शंभरातल्या 88 बायका. शंभर पूर्ण झाले की सरकार साकेचा (तांदळाच्या दारूचा) पेला देतं, आधी खऱ्या चांदीचा द्यायचे, मग म्हातारी माणसं इतकी झाली की 2016 पासून नुसता मुलामा.

पण मला साकुमध्ये, त्याच मिठाच्या गोष्टीवाल्या साकुमध्ये, एक वेगळंच दैवत भेटलं. पिनकोरो जिझो. 2003 मध्ये बसवलेली छोटी गोंडस दगडी मूर्ती आहे. पिन पिन म्हणजे ठणठणीत असणं आणि कोरोरी म्हणजे टुणकन उलथणं, तर मागणं असं की शेवटपर्यंत हिंडतं फिरतं ठेव आणि मग पटकन ने, अंथरूण धरायला लावू नकोस. आमची आजी रोज दिवा लावताना पांडुरंगाकडे हेच मागायची, हातपाय चालते असताना ने रे बाबा, म्हणून मला भाषा न येताही सगळं कळलं. बसमधून म्हाताऱ्या बायका उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवत पुढे आल्या, मूर्तीच्या डोक्यावरून हात फिरवला, खिदळत निघून गेल्या.

आमचे हे बराच वेळ हात जोडून उभे होते. बाहेर आल्यावर विचारलं काय मागितलंत एवढं, तर म्हणाले, आधी तू की आधी मी, ते ठरवत होतो.